पोकरमधली पहिली दोन पाने : कोणता हात खेळावा आणि कोणता सोडावा

नऊ जणांचे टेबल आहे, बोलण्याची पहिली पाळी आपली आहे आणि हातात इस्पिकचा राजा व चौकटचा गुलाम आला आहे. दोन्ही चित्रांची पाने, दिसायला भारदस्त. त्यात गेली वीस मिनिटे नव्वी-तिर्री आणि सत्ती-दुर्री असली पाने टाकून टाकून जीव कंटाळलेला. अशा वेळी हा हात सोडून देणे म्हणजे लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला निघून जाण्यासारखे वाटते. तरीही त्याच जागी बसलेला अनुभवी खेळाडू ही दोन पाने फारसा विचार न करता फोल्ड करतो, म्हणजे टाकून देतो, आणि तासाभराने हीच दोन पाने दुसऱ्या जागेवर आली तर तितक्याच सहजपणे रेझ करतो, म्हणजे रक्कम वाढवतो. पाने तीच, माणूस तोच, तरी निर्णय उलटे. हे कशामुळे घडते ते उलगडले की सुरुवातीच्या हातांची निवड हा विषय बराचसा उलगडतो.

येथे पोकर म्हणजे टेक्सस होल्डेम, तोही नो-लिमिट, म्हणजे एका वेळी कितीही रक्कम घालता येणारा, असे गृहीत धरले आहे. प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात, नंतर टेबलावर सर्वांच्या सामाईक मालकीची पाच पाने उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक, ज्यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात, आणि या सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सर्वांत मोठा तो जिंकतो. पाने वाटण्यापूर्वी दोघांना सक्तीची रक्कम भरावी लागते, लहान ती स्मॉल ब्लाइंड आणि सहसा तिच्या दुप्पट असणारी बिग ब्लाइंड. ही सक्ती नसती तर एक्क्यांची जोडी येईपर्यंत थांबून राहण्यात काहीच तोटा नसता. ब्लाइंड दर फेरीला चिप्स कुरतडत राहतात, म्हणून कधीतरी खेळावे लागते. कशाने खेळायचे, एवढाच काय तो प्रश्न.

आधी थोडी मोजदाद करू, कारण पुढचे बरेचसे तर्क तिच्यावर उभे आहेत. 52 पानांतून दोन पाने 1,326 वेगवेगळ्या प्रकारांनी येऊ शकतात. परंतु फ्लॉपच्या आधी बदामचा राजा आणि किलवरचा राजा यांच्या मोलात फरक नसल्यामुळे हे सर्व प्रकार 169 गटांत बसतात : 13 जोड्या, एकाच चिन्हाचे म्हणजे सूटेड 78 हात आणि वेगवेगळ्या चिन्हांचे म्हणजे ऑफसूट 78 हात. यातली खरी गोम अशी की हे 169 गट सारख्या वारंवारतेने येत नाहीत. कोणतीही एक ठरावीक जोडी 6 प्रकारांनी बनते, ठरावीक सूटेड हात 4 प्रकारांनी आणि ठरावीक ऑफसूट हात 12 प्रकारांनी. त्यामुळे एक्क्यांची जोडी सरासरीने 221 वाटपांत एकदा येते, कोणतीही एखादी जोडी 17 वाटपांत एकदा येते, आणि एकूण वाटपांपैकी 70 टक्क्यांहून अधिक वेळा हाती लागतात ती वेगवेगळ्या चिन्हांची, एकमेकांशी न जुळणारी दोन पाने. पोकर हा बहुतांश वेळ पाने टाकून देण्याचा खेळ आहे हे वाक्य ऐकायला कंटाळवाणे असले, तरी ते या मोजदादीतून आपोआप निघते.

हा 6, 4 आणि 12 चा हिशेब पाठ झाला की ‘मी किती हात खेळतो’ या प्रश्नाला अंदाजाऐवजी आकड्यात उत्तर देता येते. समजा, पहिल्या जागेवरून खेळण्यासाठी कोणी असे ठरवले की पंजींपासून वरच्या सर्व जोड्या घ्यायच्या. सूटेड हातांपैकी एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, राजाबरोबर राणी आणि गुलाम, तसेच राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी एवढे घ्यायचे. आणि ऑफसूट हातांपैकी फक्त एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम व राजा-राणी घ्यायचे. दहा जोड्यांचे 60, आठ सूटेड हातांचे 32 आणि चार ऑफसूट हातांचे 48 मिळून 140 प्रकार होतात. 1,326 पैकी 140 म्हणजे साडेदहा टक्के. वाचताना यादी लांबलचक वाटते, प्रत्यक्षात मात्र ती दहापैकी जेमतेम एकदा खेळायला देते. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेसाठी साधारण एवढाच पसारा शहाणपणाचा मानला जातो.

आता या यादीत राजा-गुलाम ऑफसूट का नाही, ते पाहू. नवखा खेळाडू हात निवडताना स्वतःलाच विचारतो, ‘माझी पाने चांगली आहेत का?’ प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. विचारायला हवे ते असे : माझ्या या पानांना पाहून जो पुढे पैसे घालेल, त्याच्याकडे काय असेल?

आपण राजा-गुलाम घेऊन पहिल्या जागेवरून रेझ केली आणि कोणीतरी तिला तोंड द्यायला उभा राहिला. पहिल्या जागेवरच्या रेझचा अर्थ टेबलावरच्या सर्वांना कळतो, म्हणून समोरचा समजूतदार असेल तर त्याच्याकडे साधारणपणे दश्शींपासून वरची जोडी किंवा एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी यांपैकी काहीतरी आहे असे धरू. आपल्या हातात एक राजा आणि एक गुलाम आधीच असल्यामुळे त्याच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या राजांच्या जोडीचे सहाऐवजी तीनच प्रकार उरतात, गुलामांच्या जोडीचेही तीन. एक्का, राणी आणि दश्शी यांच्या जोड्या प्रत्येकी सहा प्रकारांनी शक्य आहेत. एक्का-राजाचे 12, एक्का-गुलामाचे 12, राजा-राणीचे 12 आणि एक्का-राणीचे पूर्ण 16. बेरीज 76. या 76 प्रकारांपैकी आपण ज्याच्या पुढे आहोत असा प्रकार एकही नाही. दश्शींची जोडीसुद्धा या क्षणी आपल्या पुढे आहे. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की यांतल्या 42 प्रकारांत समोरच्याकडे आपल्यासारखेच एक पान आहे आणि दुसरे आपल्यापेक्षा मोठे आहे, किंवा आपल्याच पानाची जोडी आहे.

या शेवटच्या स्थितीला खेळाडू डॉमिनेशन म्हणतात, आणि माझ्या मते सुरुवातीच्या हातांविषयी एकच गोष्ट शिकायची असेल तर ती हीच शिकावी. समोर एक्का-राजा आहे आणि फ्लॉपवर राजा आला. आपल्याला राजांची जोडी लागली, त्यालाही लागली, पण त्याच्या जोडीला एक्का आहे आणि आपल्या जोडीला गुलाम. सोबतच्या या पानाला किकर म्हणतात. जोडी सारखी असली की किकरवर निकाल लागतो, आणि तो आपल्या विरुद्ध लागतो. हात लागला नसता तर आपण फोल्ड करून दोन-तीन ब्लाइंडवर (म्हणजे बिग ब्लाइंडच्या दोन-तीन पट रकमेवर) सुटलो असतो. हात लागल्यामुळे आपण फ्लॉपला कॉल केले, म्हणजे समोरच्याने घातली तेवढीच रक्कम घातली, टर्नला कॉल केले, रिव्हरला थोडे चाचरत का होईना पुन्हा कॉल केले आणि मोठी रक्कम गमावून बसलो. नवख्याचे पैसे न लागलेल्या हातांत जातात हा समज म्हणूनच खरा नाही. ते जातात लागलेल्या, परंतु दुसऱ्या क्रमांकाच्या हातांत.

एक्का-राजाच्या समोर एक्का-नव्वी ठेवली आणि पाचही पाने उघडू दिली, तर एक्का-नव्वीचा वाटा, म्हणजे सरासरीने जिंकण्याचे प्रमाण, साधारण 26 टक्के निघतो. त्याच एक्का-राजाच्या समोर अठ्ठी-सत्ती सूटेड ठेवली तर तिचा वाटा सुमारे 41 टक्के निघतो. म्हणजे कागदावर कितीतरी ‘मोठी’ असलेली एक्का-नव्वी या शत्रूपुढे अठ्ठी-सत्तीपेक्षा फारच दुबळी ठरते, कारण अठ्ठी-सत्तीची दोन्ही पाने मोकळी आहेत, ती लागली तर खरोखरच पुढे नेतात. एक्का-नव्वीतला एक्का मात्र समोरच्याच्या एक्क्याखाली दबलेला आहे. मी सुरुवातीला बरेच दिवस ‘एक्का आहे ना, मग खेळू’ या एका वाक्यावर चालत होतो, आणि त्या काळात माझ्या सर्वांत मोठ्या पराभवांत एक्क्यांची जोडी लागलेली असे. ती नेहमी दुसऱ्याच्या एक्क्यांच्या जोडीपेक्षा थोडीशीच कमी पडलेली असायची.

याचा अर्थ अठ्ठी-सत्ती ही एक्का-नव्वीपेक्षा सरसकट चांगली असा नाही. कोणत्याही अज्ञात हातासमोर एक्का-नव्वीच पुढे असते. परंतु अज्ञात हात पैसे घालत नाहीत. पैसे घालतात ते निवडलेले हात, आणि निवडलेल्या हातांत एक्का-राजा, एक्का-राणी यांची दाटी असते.

आता जागेकडे वळू, कारण राजा-गुलामाचा निर्णय उलटवणारी गोष्ट तीच आहे. पाने वाटणाऱ्याची जागा दर्शवणारी चकती, जिला बटन म्हणतात, दर हातानंतर एक जागा पुढे सरकते. फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत बटनवरचा खेळाडू सर्वांत शेवटी बोलतो. पहिल्या जागेवर बसलेल्याच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतात. बटनपर्यंत सर्वांनी फोल्ड केले असेल तर बटनच्या मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात. वरच्या 76 प्रकारांचाच हिशेब पुढे नेऊ. आपली दोन पाने वगळता उरलेल्या 50 पानांतून 1,225 प्रकारचे हात बनतात, म्हणून एखाद्या खेळाडूकडे त्या 76 पैकी काही असण्याची शक्यता साधारण 6.2 टक्के आहे. आठ जण मागे असतील तर त्यांतल्या निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांवर जाते. दोघेच मागे असतील तर ती सुमारे 12 टक्के राहते. राजा-गुलाम पहिल्या जागेवर टाकून देण्याचे आणि बटनवर हौसेने रेझ करण्याचे कारण या दोन आकड्यांतल्या अंतरात आहे.

शेवटी बोलण्याचा फायदा एवढ्यावर थांबत नाही, मात्र तो आकड्यांत मांडणे अवघड आहे. समोरच्याने फ्लॉपवर चेक केले, म्हणजे काही न घालता पाळी पुढे दिली, की पैसे घातले, किती घातले, घालताना रेंगाळला का, हे सर्व पाहून मग आपण ठरवतो. मधलाच हात असेल तर फुकटात पुढचे पान पाहता येते, चांगला असेल तर रक्कम वाढवता येते, आणि समोरचा कच खातोय असे दिसले तर काहीच नसताना पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, उचलता येतो. पहिल्यांदा बोलणाऱ्याला हेच सर्व अंधारात करावे लागते. म्हणून बटनवर अनेक चांगले खेळाडू सर्व हातांपैकी 40 टक्के किंवा त्याहून अधिक हातांनी सुरुवात करतात, तर पहिल्या जागेवर तेच खेळाडू दहा-पंधरा टक्क्यांवर थांबतात. मधल्या जागांसाठी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. बटनच्या जितके जवळ, तितके दार थोडे थोडे अधिक उघडते. स्मॉल ब्लाइंडची जागा तेवढी फसवी आहे. तेथे अर्धा ब्लाइंड आधीच भरलेला असल्यामुळे कॉल स्वस्त वाटतो, पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सर्वांच्या आधी बोलावे लागते. स्वस्तात घेतलेली वाईट जागा शेवटी महागच पडते.

जागेबरोबरच हात कशा प्रकारचा आहे हेही पाहावे लागते, कारण सर्व हात एकाच पद्धतीने पैसे मिळवत नाहीत. मोठ्या जोड्यांचे काम सरळ आहे. एक्क्यांची जोडी एका अज्ञात हातासमोर 85 टक्के वेळा जिंकते. परंतु समोर दोन जण असतील तर तिचा वाटा सुमारे 73 टक्के होतो, तीन जण असतील तर 64, चार असतील तर 56 आणि आठही जण शेवटपर्यंत राहिले तर जेमतेम 35. म्हणून मोठी जोडी मिळाल्यावर ‘कोणी घाबरून पळायला नको’ म्हणून गुपचूप नुसता ब्लाइंड भरणे ही चलाखी नाही. रेझ करून गर्दी कमी करणे आणि राहतील त्यांच्याकडून जास्त पैसे घेणे, दोन्ही एकाच चालीत साधते.

राजांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का येण्याची भीती वाटते, आणि ती 22.6 टक्के वेळा खरी ठरते. गुलामांच्या जोडीला फ्लॉपवर निदान एक मोठे पान 57 टक्के वेळा दिसते, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा. ‘गुलाम कसे खेळायचे तेच कळत नाही’ अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते ती यामुळे. उत्तर फारसे गूढ नाही : फ्लॉपच्या आधी गुलामांची जोडी बहुतेक हातांच्या पुढे आहे, तेव्हा पैसे तेव्हाच घालावेत, आणि फ्लॉपवर राणी-एक्का पडून दोघे जोर करू लागले तर हात सोडण्याची तयारी ठेवावी. एक्का-राजा हा हात बरोबर उलट स्वभावाचा आहे. तो जोडी नाही, आणि राण्यांच्या जोडीसमोर ऑफसूट असेल तर 43 विरुद्ध 57 असा थोडा मागेच असतो. फ्लॉपवर त्याला जोडी लागते ती साधारण तीनांत एकदा. तरी तो पहिल्या रांगेतला हात आहे, कारण लागला की एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी या सर्वांना दाबून ठेवतो. डॉमिनेशनच्या तागडीत तो नेहमी वजनदार बाजूला बसतो.

लहान जोड्या म्हणजे दुर्रींपासून छक्कींपर्यंतच्या. त्यांचा हेतू एकच असतो, फ्लॉपवर तिसरे तसेच पान येऊन सेट लागणे. हे 11.8 टक्के वेळा घडते, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. समोरच्याची रेझ पाहायला तीन ब्लाइंड लागत असतील, तर सात-साडेसात वेळा ते तीन ब्लाइंड गमावल्यानंतर एकदा सेट लागेल, म्हणून त्या एका वेळी निदान 22 ब्लाइंड मिळायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी होईल. प्रत्येक वेळी समोरचा पैसे देत नाही आणि कधीकधी सेटसुद्धा हरतो, हे लक्षात घेऊन खेळाडू असा ठोकताळा वापरतात की दोघांच्याही समोर कॉलच्या निदान पंधरा ते वीस पट चिप्स असाव्यात. तीन ब्लाइंडच्या कॉलसाठी 45 ते 60 ब्लाइंड. समोरच्याकडे वीसच ब्लाइंड उरले असतील तर चव्वींची जोडी घेऊन सेटच्या आशेने कॉल करणे हा सौदा आधीच तोट्याचा आहे, मग सेट लागो वा न लागो.

सूटेड हातांविषयी बराच गैरसमज आहे. दोन्ही पाने एकाच चिन्हाची असल्यामुळे हाताच्या जिंकण्याच्या शक्यतेत भर पडते ती दोन-तीन टक्क्यांचीच. सरळ फ्लॉपवरच फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, लागण्याची शक्यता 0.84 टक्के, म्हणजे 119 वेळांत एकदा, आणि चार पाने जुळून एका पानाची वाट पाहण्याची स्थिती येण्याची शक्यता सुमारे 11 टक्के. ती स्थिती आल्यावर उरलेल्या दोन पानांत फ्लश पूर्ण होतो तो साधारण 35 टक्के वेळा. म्हणून ‘सूटेड होते’ हे राजा-तिर्री खेळण्याचे कारण होऊ शकत नाही. सूटेड असणे हा चांगल्या हाताचा दागिना आहे; वाईट हाताला त्याने रूप येत नाही. परंतु अठ्ठी-सत्ती, दश्शी-नव्वी अशा लागोपाठच्या पानांना तो दागिना शोभतो, कारण त्यांच्याकडे फ्लशबरोबर स्ट्रेटचीही, म्हणजे ओळीने येणाऱ्या पाच पानांचीही, वाट असते. गुलाम-दश्शीपासून पंजी-चव्वीपर्यंतच्या प्रत्येक लागोपाठच्या जोडगोळीची दोन्ही पाने वापरून चार वेगवेगळे स्ट्रेट बनतात. राणी-गुलामाचे तीनच बनतात, राजा-राणीचे दोन, एक्का-राजाचा एकच. मध्ये एका पानाची फट असली की एक स्ट्रेट कमी होतो. या हातांची कमाई क्वचित पण मोठी असते, म्हणून त्यांना खोल स्टॅक (समोर भरपूर चिप्स), शेवटची जागा आणि स्वस्त प्रवेश हे तिन्ही लागतात. यांपैकी दोन नसतील तर मी ते सोडतो.

आपल्या आधी काय घडले आहे, यानेही तोच हात दोन प्रकारे पाहावा लागतो. कोणी अजून आत आलेले नसताना एक्का-गुलाम ऑफसूट ही रेझ करण्याजोगी पाने आहेत. पहिल्या जागेवरच्या काटेकोर खेळाडूने रेझ केली असेल तर तीच पाने कॉल करण्याजोगी राहत नाहीत. रेझ करणारा दोन मार्गांनी जिंकतो, सर्वांनी फोल्ड केले तरी आणि शेवटी हात मोठा निघाला तरी. नुसता कॉल करणाऱ्यासाठी निदान त्या घडीला पहिला मार्ग बंद असतो, शिवाय समोरच्याने आपली निवड आधीच जाहीर केलेली असते. म्हणून दुसऱ्याची रेझ कॉल करायला, स्वतः रेझ करायला लागतो त्याहून चांगला हात लागतो. येथे हातातल्या पानांचा एक छुपा उपयोगही होतो. आपल्याकडे एक्का असेल तर समोर एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात आणि एक्का-राजाचे 16 वरून 12 वर. सूटेड एक्का-पंजी घेऊन कधीकधी उलट रेझ केली जाते ती याच हिशेबाने, पंजीच्या बळावर नव्हे.

स्टॅक आटला की हे सर्व तराजू पुन्हा हलतात. दहाच ब्लाइंड शिल्लक असतील तर फ्लॉप, टर्न, रिव्हर असा लांबचा खेळ उरतच नाही. सर्व चिप्स आत ढकलणे किंवा फोल्ड करणे एवढेच दोन पर्याय राहतात. मग अठ्ठी-सत्तीची मोठ्या कमाईची आशा विझते आणि एक्का-पंजीसारखा एरवी त्रासदायक हात एकदम कामाचा होतो, कारण पुढच्या फेऱ्यांत किकरवरून फसण्याची भीतीच नसते. जे हात खोल पाण्यात बुडवतात ते उथळ पाण्यात चालतात.

चुकीच्या निवडीचे दुखणे असे की ती अधूनमधून भरघोस फळ देते. डॉयल ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 अशी सलग दोन वर्षे वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती, दोन्ही वेळा ती फुल हाऊस (एका दर्जाची तीन पाने आणि दुसऱ्याची जोडी) होऊन संपली. त्या हाताला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र ते दोन्ही डाव अखेरच्या दोघांमधले होते, जेथे निम्म्याहून अधिक हात खेळावेच लागतात. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून त्या पानांचे काय करावे, याविषयी त्या डावांतून काहीच कळत नाही. तसेच आपण सत्ती-दुर्री टाकून दिल्यावर फ्लॉपवर दोन सत्त्या आणि एक दुर्री पडली, तर तो फ्लॉप महिनाभर डोळ्यांपुढून हलत नाही; तीच पाने टाकल्यावर काहीही न पडलेले शेकडो फ्लॉप कोणालाच आठवत नाहीत. जाता जाता, सत्ती-दुर्री ऑफसूटला सर्वांत वाईट हात म्हणतात खरे, पण एका अज्ञात हातासमोर तिर्री-दुर्री ऑफसूटचा वाटा आणखी कमी, म्हणजे सुमारे 32 टक्के आहे.

या 32 टक्क्यांमुळे बिग ब्लाइंडची जागा विचित्र बनते. समजा, बटनने अडीच ब्लाइंडची रेझ केली आणि स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केले. पॉटमध्ये त्याचे अडीच, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि आपला एक असे चार ब्लाइंड आहेत, आणि आपल्याला आणखी दीड घालायचा आहे. साडेपाचच्या पॉटसाठी दीड, म्हणजे 27 टक्के वाटा मिळाला तरी बरोबरी. तिर्री-दुर्रीसुद्धा कागदावर त्याहून अधिक देते, मग सर्वच हात कॉल करायचे का? नाही, कारण पहिली गोष्ट, बटनकडे अज्ञात हात नसून निवडलेला हात आहे, आणि दुसरी गोष्ट, तो 32 टक्क्यांचा आकडा पाचही पाने फुकटात पाहायला मिळाली तरच खरा असतो. प्रत्यक्षात तिर्री-दुर्रीला फ्लॉपवर काहीच लागत नाही, आपण आधी बोलतो, चेक करतो, बटन पैसे घालतो आणि आपण आपला वाटा टेबलावर सोडून उठतो. छक्की-पंजी सूटेड किंवा राणी-नव्वी यांना कशाची तरी आशा धरून पुढचे पान पाहता येते, त्यामुळे त्यांचा कागदावरचा वाटा बराचसा हातात पडतो. म्हणून बिग ब्लाइंडमधून बटनच्या लहान रेझला निम्म्याच्या आसपास हातांनी उत्तर देणे रास्त आहे, तर पहिल्या जागेवरच्या रेझला त्याहून कितीतरी कमी हातांनी. सुरुवातीचा राजा-गुलाम येथे आला तर बटनच्या रेझला तो निःशंकपणे कॉल करावा, कधी उलट रेझही करावी. पहिल्या जागेवरच्या रेझला मात्र दीड ब्लाइंडचा तो सवलतीचा कॉल करण्यापूर्वी ते 76 प्रकार पुन्हा एकदा मनात मोजून पाहावेत, आणि फ्लॉपवर राजा पडला तरी पॉट लहानच ठेवावा.